डिस्कवरचे दोन थेंब

सुरतेत डोंगर नाही. इतर कुणाला त्याचं काही वाटत नाही, मला मात्र सोळाव्या वर्षापासून हे खटकत आलंय. कारण मी डाउनहिल सायकल रेसर होतो. डोंगराच्या माथ्यावरून दगड, मुळं, चिखल, उड्या असं सगळं पार करत, घड्याळाशी भांडत खाली येणं हा माझा धंदा. बारा सीझन मी त्यावर जगलो, आणि राहिलो सुरतेच्या डिंडोलीत, जिथे पावसाचं पाणीसुद्धा कुठे वाहून जावं याचा दोन दिवस विचार करतं.

हा धंदा नातेवाइकांना समजावणं ही शिक्षाच होती. लग्नाच्या बोलणीत कुणीतरी विचारायचं, मुलगा काय करतो? मामा सांगायचे, डोंगरावरून सायकल घेऊन खाली येतो. मग वर कसा जातो? वर जीपने जातो. यानंतर जी शांतता पसरायची ती मी इतक्यांदा ऐकली की तिचा मला लळा लागला. आई तर तोंडावर म्हणायची, "डोंगर चढाले गाडी आनि उतराले सायकल! लोके उलटं करतस." तिचं काही चूक नव्हतं.

उतार नसलेल्या गावात उतार शोधावा लागतो. मी शोधले. रेल्वेवरच्या पुलाचा उतार, कालव्याचा बांध, आणि रविवारी बंद असलेल्या कापड मार्केटचे जिने. त्या जिन्यांवर मी उड्या शिकलो. तिथला वॉचमन बिहारचा होता. तो पहिल्या दिवशी काठी घेऊन धावला, दुसऱ्या रविवारी नुसता ओरडला आणि तिसऱ्या रविवारी खुर्ची टाकून बघत बसला. "टूटेगा तो हमारा नाम मत लेना," एवढंच म्हणायचा. उसाच्या हंगामात चलथाणच्या बाजूला कुणाच्या तरी शेडमागे चिपाडांचा मोठा ढीग साचायचा. दोनमजली घराएवढा. सुरतेच्या आसपास मला मिळालेला तोच एक डोंगर. त्यावरून घसरत यायला मजा यायची, पण अंगभर खाज सुटायची आणि घरी आल्यावर आई मला मोरीच्या बाहेरच उभं करून पाणी ओतायची.

माझे वडील लूमच्या खात्यात मास्टर होते. खातं म्हणजे जिथे ओळीने लूम चालतात ती शेड, आणि मास्टर म्हणजे बिघडलेलं लूम पुन्हा चालतं करणारा माणूस. ते धुळ्याकडून तरुणपणी इथे आले आणि अठ्ठेचाळीस लूमच्या खडखडाटात त्यांनी आयुष्य काढलं. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्या आवाजात दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडली तरी एकमेकांना ऐकू येत नसत, पण आबांना तिसऱ्या ओळीतलं पाचवं लूम वेगळं बोलतंय हे दारातून कळायचं. ते सरळ तिथे जायचे, कान लावायचे, पान्याने दोन आटे फिरवायचे आणि लूम चालवणाऱ्या कारागिराकडे न बघता पुढे निघायचे. याचा मला लहानपणी फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. पाळी सुरू व्हायच्या आधी हातात लांब चोचीची कुप्पी घ्यायची आणि जे जे हलतं त्याला तेल द्यायचं. एकही जागा सुटता कामा नये. घरी आले तरी हात थांबत नसत. दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, पंखा, शेजाऱ्यांची बाळगाडी, सगळ्यांना आबांचं तेल मिळालेलं होतं. आमच्या गल्लीत एकही दार करकरत नसे.

मी रेसमध्ये उतरलो तसे आबा आपोआप माझे मेकॅनिक झाले. मी मागितलं नव्हतं. पुण्यातल्या एका छोट्या टीमने मला घेतलं, चांगली सायकल दिली, आणि ती घरी आली त्या संध्याकाळी आबांनी ती खाटेवर उलटी ठेवून तासभर नुसती बघितली. ते तिला कधी सायकल म्हणाले नाहीत. मशीनच म्हणायचे. शॉक कसा उघडतो, गिअर कुठे अडतो, साखळी कधी ताणली, हे त्यांनी कुणाला न विचारता शोधून काढलं. रेसला यायचे तेव्हा रजा काढून यायचे, सोबत पान्यांचा डबा, कुप्पी आणि खात्यातलं एक फडकं. इतर टीमचे मेकॅनिक पोरसवदा, टोपी उलटी घातलेले. त्यांच्यात हा पांढऱ्या शर्टातला, गांधी टोपीतला माणूस सायकलीच्या चाकाला कान लावून बसायचा. पहिल्या वर्षी पोरं हसली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच सायकली घेऊन रांगेत उभी राहिली.

आता ती रेस सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलंय, इकडचं तिकडचं बोलून मी उगीच वेळ काढतोय.

हिमाचलातला एक डोंगर होता, देवदारांचा. त्या रेसमधले पहिले दोघे परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार होते. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत माझी वेळ सगळ्यांत कमी होती. सगळ्यांत वेगवान गडी शेवटी सुटतो, म्हणजे अंतिम फेरीत मी शेवटी सुटणार होतो. आबांनी त्या दिवशी घरी फोन करून आईला हे तीनदा सांगितलं.

रात्रभर पाऊस पडला. सकाळच्या सरावात माझे ब्रेक किंचाळायला लागले. ओल्या डिस्कवर पॅड घासले की तसं होतंच, सगळ्यांच्याच सायकली ओरडत होत्या. मी लक्षही दिलं नाही. सराव संपवून सायकल आबांच्या हाती दिली आणि राजमा-भात खायला गेलो.

डाउनहिलच्या सायकलीला जी डिस्क असते, चाकाच्या मधोमध फिरणारी पोलादी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड धरतात म्हणून सायकल थांबते. ती कोरडीच हवी. तिला तेलाचं बोट लागलं तरी पॅड घसरतात. हे मला माहीत होतं. आबांना माहीत असेल असं मी धरून चाललो होतो, कारण त्यांना सगळंच माहीत असतं. तीस वर्षं लूमपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मशीन किंचाळताना ऐकवत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी भात खात असताना त्यांनी मागच्या डिस्कला तेलाचा एक थेंब दिला. मग पुढचीला का कमी करायचं म्हणून तिलाही एक दिला. फडक्याने सारखं पुसून घेतलं. आवाज बंद.

सायकल जीपमध्ये टाकून आम्ही वर गेलो. सुरुवातीच्या फाटकापाशी मी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, दांडी नेहमीसारखी घट्ट लागली. आबांनी माझ्या हेल्मेटवर टपली मारली. सुटायच्या घड्याळाचे पाच ठोके पिपपिप वाजले आणि मी सुटलो.

वरचा भाग गवताचा आणि वळणं पसरट, तिथे कुणी ब्रेक मारत नाही. चौथ्या वळणावर मी पहिल्यांदा ब्रेक ओढला आणि काहीच झालं नाही. दांडी आत आली, चाक तसंच पळत राहिलं. घाबरायलाही वेळ नसतो. मी झाडांमध्ये गेलो.

जागा झालो तेव्हा पाठीवर पडलेलो होतो आणि पुढचं चाक माझ्या तोंडाशेजारी फिरत होतं. त्याला खात्याचा वास येत होता. आबांच्या शर्टाला रोज संध्याकाळी यायचा तो. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं आणि मनगट भलतीकडे वळलं होतं, पण त्या क्षणी मला दुसरं काही जाणवलं नाही. काय झालंय ते मला पूर्ण कळलं. मी उताणा पडून रडलो. दुखत होतं म्हणून रडलो असं सगळ्यांना वाटलं, ते बरं झालं.

आबा वरून धावत आले. त्या निसरड्या वाटेवर, साध्या चपलेत. त्यांची टोपी कुठेतरी पडली होती. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काय व्हयनं?"

"वळण उशिरा दिखनं," मी म्हणालो.

एवढं बोलायला मला विचार करावा लागला नाही. पुढची आठ वर्षं मात्र मी त्या वाक्यावर राबलो.

कारण खोटं एकदा बोललं की त्याची देखभाल करावी लागते. हात गळ्यात बांधलेला असतानाच मी दुसऱ्या हाताने डिस्क धुतल्या, पॅड बदलले. आबांना सांगितलं, कंपनीने कळवलंय, ब्रेकला आपण हात लावायचा नाही, नाहीतर वॉरंटी जाते. आबांचा वॉरंटीवर फार विश्वास. घरातल्या मिक्सरचं कार्ड त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलेलं आहे. ते म्हणाले, "बरं," आणि ब्रेकला पुन्हा कुप्पी लावली नाही. पण बाकी सायकल ते त्याच फडक्याने पुसायचे, आणि ते फडकं तेलाने माखलेलं. मग मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून ठेवू लागलो. आबांनी सायकल तयार करून माझ्या हाती दिली की मी ती घेऊन कुठेतरी आडोशाला जायचो, जीपच्या मागे, संडासाच्या मागे, आणि दोन्ही डिस्क पुसून काढायचो. दर रेसला, दर सरावाला.

त्यांना सांगून का टाकलं नाही? त्या वर्षी खातं बंद झालं होतं. जुने लूम भंगारात गेले, त्या जागी पाण्याच्या फवाऱ्याने विणणारी नवी मशीनं आली आणि ती बिघडली की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यायचा. कान लावणाऱ्या मास्टरचं तिथे काही काम उरलं नाही. आबांना पलसाण्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या गेटवर बसायचं काम मिळालं. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली. घरी यायचे तेव्हा शर्ट स्वच्छ असायचा, आणि तो बघून आईला काही सुचायचं नाही. ज्या हातांनी अठ्ठेचाळीस लूम चालवले त्यांच्याकडे आता एकच मशीन उरलं होतं, माझं. त्याच हातांनी माझं हाड मोडलं आणि माझी ती परदेशवारी गेली, हे मी त्यांना सांगणार होतो का? मला ते शक्य नव्हतं. त्यांना ते कधीच कळू नये एवढीच माझी धडपड होती, आणि रेस जिंकण्यापेक्षा तिलाच माझे जास्त कष्ट लागले असं आता वाटतं.

परदेशी मी कधीच गेलो नाही. देशातल्या रेस जिंकलो, हरलो, गुडघा दोनदा उघडून घेतला. चौतिसाव्या वर्षी टीमने प्रेमाने सांगितलं की आता पोरांना शिकव. मी शेवटची रेस डांगच्या डोंगरात करायचं ठरवलं. छोटीशी रेस, घरापासून तीन-चार तासांची वाट. आबा अर्थातच आले.

आदल्या दिवशी दुपारी सराव संपवून मी सागाच्या सावलीत आडवा झालो होतो. आबा माझी बॅग लावत होते. ही त्यांची सवय मला माहीत होती, तरी त्या दिवशी मी बॅग उघडी टाकली. ते हातात बाटली घेऊन माझ्यापाशी आले. चेहरा काळजीने उतरलेला.

"तुले खोकला शे का?"

मी उठून बसलो.

"कवयपशी शे? कितला दिन व्हयनात? डॉक्टरले दखाडं का?"

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "हाई काय शे?"

खोटं माझ्याकडे तयार होतं. हात धुवायचं आहे, जखमेचं आहे, काहीही चाललं असतं. आठ वर्षांत मी त्यात चांगला तरबेज झालो होतो. पण मुलगा आजार लपवतोय म्हणून घाबरलेला तो चेहरा बघून माझा धीरच सुटला. मी सगळं सांगितलं. हिमाचलातले ते दोन थेंब, वॉरंटी, बाटली, संडासामागे जाऊन पुसणं. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, सायकलीच्या चाकाकडे बघत होतो.

आबांनी बाटलीचं झाकण नीट लावलं, ती बॅगेत होती तिथेच ठेवली आणि वाटेच्या कडेला जाऊन एका दगडावर पाठमोरे बसले. सरावाच्या दोन जीप वर जाऊन खाली आल्या. मला वाटलं मी त्यांना मारून टाकलं.

मग ते परत आले. डोळे लाल होते, पण आवाज खात्यातला होता, मोठा.

"मन्हामुळे तुन्हं हाड मोडनं."

"आबा, जाऊ द्या ना."

"ते मी भोगसू. चूक मन्ही शे, मन्हीच ऱ्हाई." त्यांनी सायकलीकडे बोट केलं. "पन मंग आठ साल मन्हा हातमा मशीन कसाले दिधी?"

मी चाकावरचा चिखल नखाने खरवडत होतो.

"मी पुसू, आनि तू मन्हा मांगे जाईसन परत पुसस. आठ साल."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तार तुटस," आबा म्हणाले. "रोज तुटस. पन तार तुटनी का कारागीर लूम बंद करस आनि मास्टरले हाक मारस. मास्टर येस, सांधस, मंग लूम परत चालू. तू काय करं? तार तुटेल व्हती आनि तू लूम चालूच ठेवं. सगया ताका खराब व्हयना."

तार म्हणजे लूमवर ताणलेला धागा आणि ताका म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा. एक तार तुटलेली असताना लूम चालू ठेवलं तर शेवटपर्यंत तीच रेघ कापडात उतरत जाते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. खात्यात त्यासाठी कारागिराला घरी पाठवायचे, तार तुटली म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून.

मला आधी रागच आला. एवढी वर्षं मी यांच्यासाठी जिवाचं रान केलं आणि हे मलाच बोल लावतायत. मग कळलं की मी त्यांना चुकीपासून वाचवलं होतं आणि त्याच वेळी कामावरूनही काढलं होतं. खात्याच्या मालकाने निदान तसं तोंडावर सांगितलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "उठ. डिस्क कशी पुसतस ते दखाड."

मी दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, एकदा स्वतः केलं, मग खिशातलं ते फडकं काढून माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल त्यांनी तयार केली. मी ती घेतली आणि सरळ जीपमध्ये ठेवली. बाटली बॅगेतच राहिली.

रेस साधीच झाली. मी पाचवा आलो. आबा या वेळी वर फाटकापाशी न थांबता खाली शेवटच्या रेषेवर उभे होते, मला आयुष्यात पहिल्यांदा खाली येताना पाहत होते. मी हेल्मेट काढलं. कुणी माझ्या गळ्यात हार घातला, पोरांनी फोटो काढले. गर्दी हलली तसे आबा जवळ आले.

"ब्रेक?"

"एकदम मस्त," मी सवयीने म्हणालो.

ते हलले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले, कारागीर काय सांगतो याची वाट बघत मास्टर उभा राहतो तसे. मी सायकलीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"मागला जरा उशिरा धरस," मी म्हणालो.

"कितला?"

"दोन बोटं."

"मंग आधी सांगाले काय व्हयनं व्हतं?" ते वैतागून म्हणाले, आणि किती तरी वर्षांनी त्यांचा चेहरा मला असा खुललेला दिसला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पान्यांचा डबा ओढला आणि तिथेच धुळीत चाकाशेजारी बसकण मारली. रेस संपली होती. त्या सायकलीवरून मी पुन्हा कधी डोंगर उतरणार नव्हतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी डब्यातून बारीक पाना शोधून काढला आणि मान वर न करता म्हणाले, "चाक धर."

मी हार काढून ठेवला आणि चाक धरलं.